स्कोनेतली जायफळाची कॉफी

स्वीडनचा नकाशा उभा धरला की अगदी तळाशी जो तुकडा येतो, तो स्कोने. १६५८ पर्यंत हा मुलूख डेन्मार्ककडे होता आणि इथली बोली अजूनही अशी, की स्टॉकहोमची माणसं ती ऐकून गालातल्या गालात हसतात. मी कोल्हापूरकडची. आमच्या बोलीला पुण्यात काय वाट्याला येतं ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून स्कोने मला पहिल्या महिन्यापासून आपलं वाटलं. शेतीचा प्रदेश, सपाट जमीन, मोकळंढाकळं बोलणं आणि खाण्यापिण्याचा शौक. फक्त आमच्याकडे पाऊस ठरलेल्या महिन्यांत येतो, इथे तो विचारून येत नाही.

आपल्या मंडळातले बहुतेक जण स्टॉकहोम नाहीतर गोथेनबर्गकडचे. भारतातून आई-वडील आले की त्यांना राजवाडा, बोटी आणि जमलं तर उत्तरेचा बर्फ दाखवून परत पाठवतात. स्कोनेकडे फारसं कोणी वळत नाही. म्हणून हा लेख म्हणजे एक निमंत्रण समजा. मे महिन्यात या. त्या दिवसांत इथली शेतं रेपसीडच्या फुलांनी पिवळीधमक होतात. रेपसीड म्हणजे आपल्या मोहरीची चुलत बहीण. आणि तुमच्या घरात दूध न पचणारं कोणी असेल, तर त्यांना आवर्जून घेऊन या.

हे शेवटचं वाक्य वाचून दचकू नका. स्वीडनमधल्या कुठल्याही कॅफेत आता कॉफीबरोबर 'कुठलं दूध?' हा प्रश्न येतो आणि त्याचं एक उत्तर 'हावरे' असं असतं. हावरे म्हणजे ओट. न्यूयॉर्कपासून मुंबईपर्यंतच्या कॅफेंत आज जे ओटचं दूध मिळतं, त्याचा जन्म याच भागातला, मी राहते त्या लुंड गावातला.

लुंड छोटं आहे, पण म्हातारं आहे. बाराव्या शतकातलं दगडी कॅथीड्रल, त्याच्याभोवती दगडी गल्ल्या आणि १६६६ साली स्थापन झालेलं विद्यापीठ. गावात सायकली इतक्या, की स्टेशनबाहेर आपली सायकल शोधणं हा एक वेगळा व्यायाम. या विद्यापीठात आर्ने डालक्विस्ट नावाचे एक शास्त्रज्ञ होते. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. ते काही प्रौढांमध्ये कमी पडतं आणि म्हणून त्यांना दूध सोसत नाही, हे सांगणारा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की त्याच १९६३ साली कोल्हापूर जिल्ह्यात दूध उत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला, ज्याचं 'गोकुळ' हे नाव पुढे घराघरांत पोचलं. एकीकडे दूध का पचत नाही याचा शोध लागत होता, दुसरीकडे माझ्या गावासारख्या गावांत दूध विकून संसार उभे राहायला लागणार होते.

डालक्विस्ट यांच्या हाताखाली तयार झालेले रिकार्ड ओस्ते हे अन्नशास्त्रज्ञ. दूध न सोसणाऱ्यांना काय प्यायला देता येईल, या प्रश्नामागे ते लागले आणि थंड, ओलसर हवेत मजेत वाढणाऱ्या ओटपाशी येऊन थांबले. स्वीडनमध्ये ओट पिढ्यान् पिढ्या पिकतो. बराचसा घोड्यांच्या तोबऱ्यात जायचा, थोडा माणसांच्या लापशीत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना पद्धत सापडली आणि १९९४ साली त्यांनी भाऊ ब्यर्न यांच्यासह कंपनी काढली. तीच आजची ओटली. पुढची बरीच वर्षं हे पेय पथ्याच्या कपाटात पडून होतं. २०१६ पासून अमेरिकेत ते किराणा दुकानांऐवजी कॉफीच्या दुकानांतून शिरलं आणि मग जगभर पसरलं. कॉफी करणाऱ्यांना ते आवडलं, कारण त्याला फेस चांगला येतो आणि चवीत ते कॉफीच्या आड येत नाही.

आता आबांविषयी. माझे वडील, वय बाहत्तर. करवीर तालुक्यात आमचं गाव. आयुष्यभर तीन-चार म्हशी, पहाटे आणि संध्याकाळी धार, किटली घेऊन संस्थेत रांग आणि दर दहा दिवसांनी बिल. माझं इंजिनिअरिंग त्या दहा दिवसांच्या बिलांवर झालं. आता गोठा भाऊ बघतो, म्हशी सहा झाल्या आहेत, पण आबांचा जीव तिथेच. ज्या शहरात गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री उभं राहून धारोष्ण दुधाचा ग्लास रिकामा करतात, पैलवान दुधावर पोसतात, त्या जिल्ह्यातला हा माणूस. झोपताना पितळी पेलाभर दूध आणि पाहुणेरावळे आले की पूर्ण दुधाची, जायफळ घातलेली कॉफी, हा आमच्या घरचा शिरस्ता. आमच्याकडे चहा रोजचा, पण कॉफी ही मानाची. लग्न ठरवायला आलेल्यांना, दवाखान्यातून घरी आलेल्याला, कोजागिरीला जागणाऱ्यांना.

गेली काही वर्षं आबांचं पोट रात्री फुगायचं, गुरगुरायचं, सकाळ खराब जायची. पेला हळूहळू बंद झाला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दुधातली साखर पचत नाही. आबांनी ते घरात कोणाला सांगितलं नाही, मलाही भावाकडूनच कळलं. संस्थेच्या कट्ट्यावर कोणी विचारलं तर 'डॉक्टरनं साखर कमी करायला सांगितलीय' म्हणायचे. दूधवाल्याला दूध सोसत नाही, हे त्यांना कमीपणाचं वाटत होतं. कॉफीचा कपही ते 'नको, झोप लागत न्हाई' म्हणून परत पाठवायचे. आई गेल्यानंतर जायफळ किसायला कोणी उरलं नव्हतं हेही खरं, पण ते कारण त्यांनी कधीच सांगितलं नाही.

गेल्या मे महिन्यात ते सहा आठवडे आमच्याकडे आले. एका शनिवारी मी त्यांना घेऊन निघाले. लुंडहून लान्सक्रुना आणि पुढे हेलसिंगबोरी. इथल्या जांभळ्या लोकल गाड्यांना 'पोगातोग' म्हणतात. खिडकीतून एका बाजूला पिवळी रेपसीड, मधूनमधून नुकत्याच वर आलेल्या ओटची हिरवी पाती. आबांनी पहिली दहा मिनिटं जमिनीचा अंदाज घेतला.

"लई गुळगुळीत जमीन हाय गं. बांध कुठं हाईत?"

बांध फारसे नाहीत म्हटल्यावर त्यांना विश्वास बसेना. बांध नाहीत म्हणजे भांडण कशावरून करत असतील, ही त्यांची पुढची शंका.

लान्सक्रुनाला ओटलीचा कारखाना आहे. आम्ही कारखाना नाही, गाव बघायला गेलो होतो. स्टेशन गावाबाहेर आहे आणि तिथून गावात नेणारी बस विजेच्या तारांवर चालते. अशी ट्रॉलीबस अख्ख्या स्वीडनमध्ये फक्त इथे, २००३ पासून. गावात खंदकाने वेढलेला सोळाव्या शतकातला किल्ला आहे, तोही डेन्मार्कच्या राजाने बांधलेला. बंदरावरून व्हेन नावाच्या बेटाला बोट जाते. दुर्बिणीचा शोध लागण्याआधी ट्यूको ब्राहे या बेटावर बसून नुसत्या डोळ्यांनी ग्रहताऱ्यांची मापं घेत होता. नातवंडं बरोबर असतील तर बेट चुकवू नका, तिथे सायकली भाड्याने मिळतात. आम्ही खंदकाकाठी बसून दशम्या खाल्ल्या आणि पुढची गाडी पकडली.

हेलसिंगबोरीला समुद्र इतका अरुंद होतो, की समोरचा डेन्मार्क नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बोट वीसेक मिनिटांत पलीकडे पोचवते. १८८६ पासूनची सोएगास ही कॉफी भाजणारी कंपनी याच गावची. तिची 'स्कोनेरोस्त' म्हणजे काळपट, कडक भाजलेली कॉफी. उत्तरेकडे कॉफी फिकट भाजतात, आमच्याकडे गडद. त्यातही स्कोने कोल्हापूरच्या बाजूने आहे, मिळमिळीत चालत नाही.

बंदराजवळच्या एका कॅफेत शिरलो. इथे 'फीका'विषयी भारतातल्या नातेवाइकांसाठी दोन ओळी. स्वीडिश माणूस कामातून उठून कॉफी आणि काहीतरी गोड घेऊन गप्पा मारायला बसतो, त्याला फीका म्हणतात. पूर्वी कॉफीला 'काफी' म्हणत, त्यातली अक्षरं उलटी करून 'फीका' झालं, असं सांगतात. शब्द फिका असला तरी कॉफी फिकी नसते. दुसऱ्यांदा कप भरून घ्यायचे पुष्कळ ठिकाणी पैसे पडत नाहीत किंवा अगदी थोडे पडतात. त्याला 'पोतोर' म्हणतात. आबांना स्वीडनमधली ही एक प्रथा मनापासून पटली. दुसरी गोष्ट पटली ती इथल्या गोड पावातली वेलची. कार्डेमुम्माबुल्ले हातात आल्या आल्या त्यांनी वास घेतला. "ह्यो तर आपलाच वास," ते म्हणाले.

मी दोन कॉफ्या सांगितल्या, दोन्ही ओटच्या दुधातल्या. आबांनी काउंटरवरचा खोका उचलून चारी बाजूंनी पाहिला.

"फॅट किती लागतंय?"

बावन्न वर्षं संस्थेत दूध घातलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असणार. कॅफेत वापरतात त्या 'बॅरिस्टा' खोक्यावर ३ टक्के लिहिलेलं होतं. ते तेल रेपसीडचं, म्हणजे सकाळी खिडकीतून पाहिलेल्या पिवळ्या फुलांचं.

"तीन? गाईचं म्हणून चालंल, म्हशीचं म्हणून न्हाई. आणि बनवत्यात कसं?"

मी सांगितलं. ओट पाण्याबरोबर दळायचे. नुसतं तेवढंच करून तापवलं तर ते लापशीसारखं घट्ट होईल. म्हणून त्यात एन्झाइम घालतात. ते ओटमधल्या पिठूळ स्टार्चचे तुकडे करतं, त्यातून माल्टोज नावाची साखर तयार होते. मिश्रण पातळ होतं आणि वरून साखर न घालताही गोडसर लागतं. मग कोंडा गाळून काढायचा, तेल, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं मिसळायची, उष्णता देऊन खोक्यात भरायचं. ओटमधला बीटा-ग्लुकॅन हा विरघळणारा तंतू त्यात राहतो. त्यामुळे ते जिभेला मऊ लागतं.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे नाचणीसत्व की गं."

मी त्या क्षेत्रात काम करत नाही, पण इतक्या वर्षांत मला जे सुचलं नव्हतं ते त्यांना एका कपात सुचलं. आपण नाचणीला मोड आणतो, वाळवतो, दळतो आणि बाळाला पाजतो. मोड येताना धान्यातच तसली एन्झाइम तयार होतात आणि स्टार्च फोडतात. म्हणून ते सत्व साध्या पिठापेक्षा पातळ शिजतं आणि गोडसर लागतं. लुंडच्या प्रयोगशाळेत जे झालं त्याची लांबची भावकी आपल्या माजघरात आधीपासून नांदत होती. फरक एवढाच, की आपण त्याला कधी दूध म्हटलं नाही.

नावावरून इथेही भांडणं झाली आहेत. स्वीडनच्या दूध उत्पादकांच्या संघटनेने ओटलीच्या जाहिरातींवर दावा लावला आणि २०१५ साली न्यायालयाने त्यातली काही वाक्यं वापरायला मनाई केली. २०१७ साली युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की दूध हे नाव जनावराच्या दुधालाच. म्हणून दुकानातल्या खोक्यावर 'हावरेद्र्युक', म्हणजे ओटपेय असं लिहितात, बोलताना मात्र सगळे 'हावरेम्योल्क'च म्हणतात. भारतातही २०२१ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांना ऑनलाइन दुकानांत दूध म्हणून विकू नये असं बजावलं. आबा याबाबतीत न्यायालयाच्या बाजूचे. "म्हशीनं दिलं तर दूध. ह्ये पेय म्हणा, काय बी म्हणा. पण चांगलं हाय."

मला विचारायचं होतं ते मी तिथे विचारलं. हे असं वाढत गेलं तर दादाच्या सहा म्हशींचं काय? आपल्याकडचा दूधधंदा कसा चालतो हे मला माहीत आहे. पेंडीचा भाव वर, दुधाचा भाव खाली. जुलै २०१८ मध्ये दरासाठी रस्त्यावर ओतलेलं दूध आमच्याही तालुक्याने पाहिलं आहे. गाईच्या दुधापेक्षा ओटच्या पेयाचा हवामानावरचा भार कमी हे खरं आहे आणि मला ते पटतंही. पण दहा दिवसांचं बिल थांबलं तर गावातल्या किती पोरी शिकायच्या थांबतील, हेही मला दिसतं. आबांनी कप खाली ठेवला.

"हाबी शेतकऱ्यानंच पिकवलाय न्हवं? त्याला भाव मिळतोय का, त्ये बघ. आपल्याकडं दूध पचणारी पोरं काय कमी हाईत व्हय? ज्याला पचतंय त्यानं प्यावं. ज्याला न्हाई..." आणि तिथे ते अडखळले.

मग मी त्यांना लुंडची गोष्ट सांगितली, वर लिहिली आहे ती. आणि तिचा उरलेला भाग. लहानपणी दूध सगळ्यांनाच पचतं. मोठेपणी लॅक्टेज कमी होणं हाच माणसाचा मूळ स्वभाव. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश प्रौढांचं असंच आहे. मोठेपणीही दूध पचवणारी माणसं हा अपवाद आहे. काही हजार वर्षांपूर्वी गुरं पाळणाऱ्या काही समाजांत झालेल्या बदलामुळे तो आला. उत्तर युरोपात तो सर्रास आहे. भारतात वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे कमी. आपल्या पूर्वजांना लॅक्टोज हा शब्द माहीत नव्हता, पण त्यांनी दुधाचं दही लावलं, ताक केलं. विरजणातले जिवाणू त्यातली बरीच साखर आधीच खाऊन टाकतात. म्हणून ताक सोसतं आणि पेलाभर दूध सोसत नाही. चहातलं चमचाभर दूधही म्हणूनच कधी बाधलं नाही.

"म्हंजे ह्यो रोग न्हाई?"

"नाही आबा. तुमचं पोट जगातल्या बहुतेकांसारखं आहे, एवढंच."

ते समुद्राकडे बघत बसले. मग उठले आणि पोतोर घ्यायला स्वतः काउंटरवर गेले. कप पुढे करून त्या पोरीला मराठीतच म्हणाले, "त्येच द्या." तिला बरोबर कळलं.

राहिलेले चार आठवडे आमच्या स्वयंपाकघरात जायफळाच्या कॉफीचे प्रयोग चालले. त्यातून जे हाती आलं ते दिवाळीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी उपयोगी पडेल, म्हणून देते. साधा ओटपेयाचा खोका नको, बॅरिस्टाच घ्या. कॉफी आंबट असते. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आले की साधं ओटपेय फाटल्यासारखं दिसतं. बॅरिस्टामध्ये आम्लता आवरणारा फॉस्फेटचा क्षार आणि जास्त तेल असतं, त्यामुळे ते टिकतं. खोका आधी चांगला हलवा, तळाशी साका बसतो. पातेल्यात मंद आचेवर वाफा येईपर्यंतच तापवा. आपल्या दुधासारखं उतू जाईपर्यंत उकळत ठेवलं तर ते दाट होतं आणि लापशीची आठवण करून देतं. कडक भाजलेल्या कॉफीचा दाट काढा वेगळा करा, ती फिकट भाजलेल्यापेक्षा कमी आंबट असते. तापलेल्या ओटपेयात काढा हळूहळू ओता. साखर नेहमीच्या निम्मी. जायफळ शेवटी, ताजं किसून. साय येणार नाही, तिची वाट बघू नका. बासुंदी किंवा खरवस यातून होणार नाही, त्या नादाला लागू नका.

दोन गोष्टी आई-वडिलांच्या बाबतीत लक्षात ठेवा. यातली साखर माल्टोज आहे, ती रक्तात लवकर उतरते, म्हणून मधुमेह असेल तर कप मोजून. आणि प्रथिनं दुधापेक्षा बरीच कमी, साधारण एक टक्का, दुधात तीनाहून अधिक. तेव्हा कॉफीला हे ठीक, पण म्हाताऱ्या माणसाचं रोजचं दूध म्हणून फक्त यावर विसंबू नका. दही, ताक, डाळी आहेतच. लॅक्टोज काढलेलं खरं दूधही इथे प्रत्येक दुकानात मिळतं. आबांना मी तेही दिलं. "गोड लागतंय," म्हणाले, पण रात्री शांत झोपले. कॉफीला मात्र त्यांनी ओटच पसंत केला. बहुतेक नाचणीसत्वाच्या ओळखीमुळे.

जाताना त्यांनी बॅगेत दोन खोके भरून नेले. एक घरासाठी आणि एक संस्थेच्या सेक्रेटरींना दाखवायला. आठवड्याने भावाचा फोन आला. आबांनी संध्याकाळच्या दूध घालण्याच्या वेळी, सगळी रांग उभी असताना, खोका टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मला दूध पचत न्हाई. जगात लई जणांना पचत न्हाई. त्यांच्यासाठी ह्ये केलंय." रांगेतल्या दोघा-तिघांनी हळूच सांगितलं, की त्यांनाही पचत नाही. सेक्रेटरींनी झाकण उघडून वास घेतला, बोटावर थेंब घेऊन चाखला आणि फॅटच्या मशिनला लावायला साफ नकार दिला. मशीन बिघडलं तर सगळ्यांचं बिल अडकेल, म्हणाले. आबांना ते पटलं. खोका परत पिशवीत घातला, रिकामी किटली घेतली आणि ते धारेच्या वेळेला गोठ्यावर परतले.